चौसष्टावं फूल

आमच्या ताईने एकतीस वर्षं लोकांना श्वास धरायला लावला. 'श्वास आत घ्या, धरून ठेवा, हलू नका... हं, सोडा.' हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात ती टेक्निशियन होती. दिवसाला साठ-सत्तर माणसं तिच्यासमोर उभी राहायची आणि ती सांगेल तेव्हाच श्वास सोडायची. निवृत्त झाल्यावर तिने मधमाश्यांचे फोटो काढायला घेतले. मधमाशीला असं काही सांगायची सोय नाही, म्हणून आता ती स्वतःच श्वास धरते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हिला भोवळ येतेय. मी धावत गेलो, माशी उडाली, आणि ताईने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी तिचा धाकटा भाऊ. बस डेपोत कंट्रोलर होतो. गाडी सहा दहाची असेल तर ती सहा दहाला हललीच पाहिजे. सहा अकरा झाले की ड्रायव्हरची आणि माझी जुंपलीच म्हणून समजा. वाट बघणं या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, पुढे जी चूक झाली ती माझी. ताईची नाही, आणि त्या बिचाऱ्या माशीची तर नाहीच नाही.

घरात आम्ही तिघं. ताई, मी आणि माझी बायको. दुसरा मजला, लिफ्ट नाही, अडतीस पायऱ्या. ताईने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची हिंमत आमच्या आईलाही झाली नाही, मग माझी काय कथा. बिल्डिंगच्या मागे कंपाउंडची भिंत आणि लाँड्रीची पत्र्याची शेड यांच्या मधोमध चार पावलं रुंदीचा एक पट्टा आहे. तिथे एक फुटकं बेसिन पडलंय, एक पाइप वर्षानुवर्षं गळतोय, आणि कुणी न लावलेली झाडंझुडपं माजलीयत. शेडच्या जाळीतून गरम वाफ येते. एवढाच ताईचा स्टुडिओ. तिथे ती रोज अकराला जाऊन बसायची. बुटकं प्लास्टिकचं स्टूल, छत्री, जुनी घेतलेली कॅमेऱ्याची पेटी, मऊ ब्रश ठेवायची पारदर्शक डबी आणि वही, असा सगळा संसार एका पिशवीत.

लाँड्रीवाला सुरुवातीला खिडकीतून विचारायचा, "ताई, कुणी यायचंय का?"

"हो, यायचंय," ताई म्हणायची, "तू आत जा."

मला सगळ्या माश्या सारख्याच दिसायच्या. ताईने चिकाटीने शिकवलं. पंख मोज. दोन असतील तर माशी, चार असतील तर मधमाशी. डोळे बघ, मिशा बघ. काही साध्या माश्या पिवळे-काळे पट्टे लावून मधमाशीच्या तोऱ्यात हिंडतात, त्यांना फसायचं नाही. मी म्हटलं, आमच्या डेपोतही एकदा असाच एक तोतया तिकीट तपासनीस आठवडाभर फिरत होता. ताई हसली नाही. फुलावर बसलेली माशी दिसत असली की तिला दुसरं काही ऐकू येत नाही.

या कामात मजा आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक दिवस तिथे बसून दाखवावं. गुडघे दुखतात, मान अवघडते, घाम डोळ्यांत जातो, आणि बरोबर त्याच क्षणी माशी येते. दिवसाला चारशे फोटो निघायचे. संध्याकाळी ताई ते एकेक करून बघायची आणि त्यातले तीन ठेवायची. उरलेल्यांत एक तर नुसतं फूल असायचं, नाहीतर उडून चाललेल्या माशीचं बूड. मी म्हणायचो, "ताई, हॉस्पिटलात चारशेतले तीन धड आले असते तर तुला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं." ती म्हणायची, "तिथे माणसं माझं ऐकायची."

थकायची खूप. चहाचा कप हातात घेऊन तशीच बसून राहायची, चहा गार व्हायचा. पण वही भरल्याशिवाय आडवी व्हायची नाही. वहीत रकाने आखलेले. तारीख, वेळ, ऊन की ढग, फूल, कीटक, फोटो, आणि शेवटचा रकाना 'पाहणारा'. हा रकाना हॉस्पिटलच्या रजिस्टरातून आलेला. तिथे प्रत्येक फोटोपुढे तो काढणाऱ्याचं नाव लिहावं लागायचं. इथे मात्र पहिल्या पानापासून त्या रकान्यात एकच शब्द होता. मी, मी, मी.

"तुझ्याशिवाय आहेच कोण पाहणारं?" मी एकदा म्हटलं. "रकाना फुकट घालवतेस."

"असू दे," ती म्हणाली. "आहे तो बरा आहे."

तिच्या या काटेकोरपणामागे एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक्स-रे काढताना पायाशेजारी शिशाचं एक छोटं अक्षर ठेवतात, डावा की उजवा ते फोटोत उमटावं म्हणून. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ताईने गडबडीत एका म्हातारबुवांच्या गुडघ्याशी चुकीचं अक्षर ठेवलं. घरी यायला निघाली, बसमध्ये बसली, आणि तिसऱ्या स्टॉपवर तिच्या लक्षात आलं. तशीच उतरली, चालत परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. सगळ्या खात्यासमोर तिची खरडपट्टी निघाली. घरी आल्यावर मी तिला म्हटलं होतं, "गप्प बसली असतीस तर डॉक्टरांना कळलंच असतं की, म्हातारा कुठल्या पायाने लंगडतोय ते." तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

तर अशा या ताईकडे एक दिवस कीटकवाल्या बाई आल्या. बाई कॉलेजात शिकवतात. वय ताईच्या निम्मं, पण ताई त्यांना अहो-जाहोच करते. शहरात आपसूक उगवणाऱ्या झाडांवर कोणकोणते कीटक येतात, याचं एक पुस्तक त्यांना काढायचं होतं. एका पानावर एक फूल आणि त्याचा पाहुणा. ताईचे फोटो त्यांनी कुठेतरी पाहिले होते. अट एकच होती, कीटक स्वतःच्या पायांनी फुलावर आलेला असला पाहिजे.

"म्हणजे? दुसऱ्या कुणाच्या पायांनी येणार?" मी विचारलं.

तेव्हा ताईने सांगितलं. काही लोक माशी पकडतात, डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवतात. गारठ्याने ती बधिर झाली की हव्या त्या फुलावर ठेवून निवांत फोटो काढतात. थोड्या वेळाने ऊब लागली की माशी उडून जाते, तिला काही होत नाही. ताईने त्यांना नाव ठेवलं होतं, फ्रीजवाले. "बेशुद्ध माणसाला भिंतीला टेकवून उभं करायचं," ती म्हणाली, "आणि सांगायचं, बघा, पेशंट चालायला लागला." असं चिडून बोलताना मी तिला क्वचितच पाहिलंय. हे सगळं मी नीट ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

पुस्तकात फुलं चौसष्ट. तीन वर्षांत त्रेसष्टांचे पाहुणे सापडले, त्यातले एकवीस एकट्या ताईने टिपलेले. राहिलं होतं फक्त रानवांगं. काटेरी, वीतभर, जांभळ्या फुलांचं, मधोमध पिवळा सुळका. ते आमच्याच फुटक्या बेसिनपाशी उगवलेलं. त्याच्यावर मधमाश्या यायच्या, एक चक्कर मारायच्या आणि निघून जायच्या. बाईंनी समजावून सांगितलं की या फुलाचे पराग त्या सुळक्यात बंद असतात. कुणालातरी फूल घट्ट धरून, पंख न हलवता अंग थरथरवून ते झाडून काढावे लागतात. साध्या मधमाशीला ते जमत नाही. निळ्या पट्ट्यांची एक वेगळी मधमाशी असते, तिला जमतं. पण ती या भागात कुणी पाहिलेली नव्हती.

"येतेय नक्की," ताई म्हणायची. "दरवर्षी झाड फळ धरतं. कुणीतरी येऊन जातंय, आणि मी नेमकी तेव्हा पाणी प्यायला गेलेली असते."

तीन वर्षं तिने त्या माशीची वाट पाहिली. तिसऱ्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याने दगा दिला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध काहीतरी बिघडलं होतं. दाराची चौकट तिला मधेच वाकलेली दिसायची. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं बघू, गेलेलं काही परत येणार नाही. आणि डाव्याचंही आज ना उद्या हेच. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायची सवय करायला बसली.

मला फार वाईट वाटत होतं. मी ते तोंडाने बोललो नाही, उलट जास्तच कुरकुर करत राहिलो. बाईंचा फोन आला की पुस्तक सोमवारी छपाईला जाणार. पुढच्या हंगामात ताईला माशी दिसणार नव्हती. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

गुरुवारची गोष्ट. सलग पंधरावा दिवस. एक वाजता बायकोने खिडकीतून हाका मारमारून ताईला वर बोलावलं, कारण आदल्याच दिवशी इंजेक्शन झालं होतं आणि डोळा लाल झाला होता. ताई एकेक पायरी करत वर आली, तोंड धुतलं आणि कॉटवर पडली. मला म्हणाली, "सामान घेऊन ये. आज पुरे." 'आज पुरे' असं तिने कधी म्हटलं नव्हतं.

मी खाली गेलो. छत्री मिटली, स्टूल उचललं. आणि बेसिनपाशी बारीक आवाज आला, कानाशी डास आल्यासारखा, पण जाड. वाकून बघितलं. डावीकडच्या तिसऱ्या फुलाला एक माशी लटकली होती. पोटावर निळे पट्टे, एकामागे एक. तिने सुळका घट्ट धरला होता आणि सगळं फूल थरथरत होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. हाक मारावी? ताई पडलीय. ती उठणार, चष्मा शोधणार, कठडा धरून अडतीस पायऱ्या उतरणार. चार मिनिटं. गाडी काही चार मिनिटं थांबणार नाही. मी पिशवीतली डबी काढली, ब्रश खाली टाकला आणि डबी त्या फुलावर पालथी घातली. एकतीस वर्षं ताईने जपलेलं सगळं मी एका झाकणात बंद केलं, आणि मला वाटत होतं मी तिच्यावर उपकार करतोय.

फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे डबी ठेवली. वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो. मग डबी खिशात घातली आणि ताईला हलवलं.

"ताई, चल खाली. मला वाटतं ती तुझी निळी घुटमळतेय तिथे."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. चप्पल उलटी घातली तिने. मी पुढे पळालो, कॅमेरा काढून ठेवला, आणि ब्रशने त्या गारठलेल्या माशीला फुलावर सरकवलं. ताई आली, स्टुलावर बसली, श्वास धरला. माशी दीड मिनिट हलली नाही. ताईने चाळीस फोटो काढले. मग माशी जराशी थरथरली आणि उडाली.

ताईने कॅमेरा मांडीवर ठेवला. "बसली रे," ती म्हणाली. "माझ्यासाठी बसल्यासारखी बसली." आणि रडायला लागली. मी म्हटलं, "चल, ऊन लागतंय."

फोटो त्याच संध्याकाळी बाईंकडे गेला. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाई, पण लहान मुलीसारख्या ओरडत होत्या. चौसष्टावं पान भरलं होतं. ताई दिवसभर गुणगुणत होती. माझी बायको मात्र माझ्याकडे बघत नव्हती. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून म्हणाली, "दुधामागे डबी कसली होती काल?"

मी उठून पाण्याचा पेला भरायला लागलो.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगा. सोमवारच्या आत."

"आनंदात आहे ती. कशाला विरजण घालायचं?"

"तुम्हाला तुमच्या बहिणीची ओळख आहे की नाही?" एवढंच बोलून ती आत गेली.

शनिवारी ताई म्हणाली, फोटो टीव्हीवर लाव, मोठा करून बघायचाय. तार मीच जोडली. तिने खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढली, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या डोळ्याने बघायला लागली. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, पट्ट्यापट्ट्याने, जसं एक्स-रे बघायची तसं. बराच वेळ गेला. मी पेपर उघडून बसलो होतो, एक अक्षर वाचत नव्हतो.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"काय?"

"केसांवर. बारीक थेंब आहेत पाण्याचे. डोळ्यावरही आहेत."

"दव असेल."

"पावणेदोन वाजता?"

"मग लाँड्रीची वाफ."

"लाँड्री गुरुवारी बंद असते," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आणि पाय बघ. पायांनी धरलेलंच नाही फूल. ही बसलेली नाही. ठेवलेली आहे."

फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जसं पाणी जमतं, तसं त्या माशीच्या केसाकेसावर जमलं होतं. घाईत मला ते दिसलंच नाही, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "अहो, सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं. डबी, दुधाचं पातेलं, वीस मिनिटं, सगळं.

ताई माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडेच बघत होती. शेवटी तिने विचारलं, "पकडलीस कुठे?"

"तिथेच."

"तिथेच म्हणजे? कशावर होती?"

"रानवांग्यावरच. डावीकडचं तिसरं फूल. लटकली होती. गुंऽऽ करत होती आणि सगळं फूल थरथरत होतं."

ताई खुर्चीत सरळ झाली. "थरथरत होतं? पराग पडत होते?"

"पांढुरकी भुकटी पडली तिच्या पोटावर."

"म्हणजे येते," ताई म्हणाली. तिने तोंडावर हात ठेवला. क्षणभर, अगदी क्षणभर, तिचा चेहरा गुरुवारसारखा झाला. "म्हणजे ती येते रे. मी म्हणतच होते." आणि मग तो चेहरा हळूहळू उतरला. "मला हाक मारायची होतीस."

"तू वर होतीस ताई. अडतीस पायऱ्या. येईपर्यंत उडून गेली असती."

"गेली असती तर गेली असती. हाक मारायची होतीस."

मला रडू येत होतं, त्यामुळे मी जास्तच जोरात बोललो. "अगं, मग आता लिही ना! फोटो खोटा असेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव टाक. रकाना त्यासाठीच आहे ना?"

तिने वही उचलली आणि मिटून मांडीवर ठेवली. "कसं लिहू?" ती म्हणाली. "दोन दिवस तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस. मी रडले, तू समोर उभा राहून बघितलंस."

"आता खरं सांगतोय."

"सांगतही असशील. पण मला ते कसं कळणार?"

 

तिने तिथेच बसून बाईंना फोन लावला. माझ्यावर ढकललं नाही. म्हणाली, "गुरुवारचा फोटो खरा नाही. आमच्या घरात झालेली चूक आहे." बाई म्हणाल्या, ती माशी येण्याची शक्यता आहे, एवढंच छापू का? ताई म्हणाली, नको, पान रिकामं ठेवा. आणि वर स्वतःच सांगितलं की माझे बाकीचे एकवीसही तपासून घ्या, आता माझ्यावर विश्वास ठेवा म्हणून मीही सांगू शकत नाही. बाईंनी ते तपासले. त्यांना तपासावेच लागले. त्यासाठी पुस्तक महिनाभर थांबलं. एकवीसच्या एकवीस खरे निघाले, पण तो महिनाभर ताई फोन वाजला की दचकायची.

पुस्तक आलं. चौसष्टाव्या पानावर जांभळं फूल आहे, सुळका आहे, आणि कुणी नाही. खाली लिहिलंय, 'पाहुणा: अजून नोंद नाही.' ताईने पान बोटाने चाचपलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं. त्यानंतर ती खाली गेली नाही. डावा डोळाही अंधूक होत गेला. कॅमेऱ्याच्या पेटीवर बायकोने इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. ताई माझ्याशी बोलायची, चहा झाला का, औषध आणलंस का, सगळं बोलायची. तिने मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी रानवांग्याला कळ्या धरल्या तेव्हा मी स्टूल घेऊन खाली गेलो. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. कॅमेरा नेला नाही, मला तो येत नाही आणि हात लावायची लाजही वाटत होती. नुसता बसलो. अकरा ते तीन. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात माझ्या अंगाची लाही लाही झाली. लाँड्रीवाल्याने खिडकीतून विचारलं, "काका, आता तुम्ही कुणाची वाट बघताय?" त्याला काय सांगणार? पाठ धरली, पायाला मुंग्या आल्या. इतकी वर्षं ही बाई हे कसं करत होती, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

विसाव्या दिवशी तो आवाज आला.

मी डबीकडे बघितलंसुद्धा नाही, ती आणलीच नव्हती. मान वर केली आणि ओरडलो, "ताईऽऽ! आली! ताई, आलीय!" चार खिडक्या उघडल्या. लाँड्रीवाला धावत बाहेर आला, त्याला वाटलं कुठेतरी आग लागली. वर दार वाजलं. मग जिन्यावरून काठीचा आवाज, मग पाऊल, मग काठी.

माशी पहिल्या फुलाला लटकली, थरथरली, सुटली. दुसऱ्याला लटकली. जिन्यात काठी पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचली. माशी तिसऱ्यावर बसली, आणि भिंतीवरून निघून गेली.

ताई आली तेव्हा धापा टाकत होती. काखेत वही होती. मी उठून तिला स्टुलावर बसवलं.

"गेली?"

"गेली."

"किती वाजता आली?"

"बारा सत्तावीस. बारा एकोणतीसला सुटली."

"किती फुलं?"

"तीन. दोन पुरी. तिसऱ्यावर नुसती टेकली, थरथर नाही. नक्की नाही."

तिने मान डोलावली. वही उघडली, पानावर बोट ठेवून रकाने चाचपले आणि लिहायला लागली. अक्षर वाकडं जात होतं, ओळ सोडून खाली उतरत होतं. तारीख. वेळ. ऊन. रानवांगं. निळ्या पट्ट्यांची. फोटो: नाही. मग पेन शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. मी तिच्या मागे उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरलाय.

तिने लिहिलं, 'धाकटा'.

वही मिटून ती म्हणाली, "हात दे. आणि उद्या अकराला बस. उशीर करू नकोस." आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमाल आहे. मी हात दिला, आणि आम्ही एकेक पायरी चढायला लागलो.